सालदाणा

कार्डावर सातवा रकाना: जखमेचा प्रकार.
डॉक्टर वझमा म्हणतात, आधी बोट फिरव, मग लिही.
बोटाला काही कळलंच नाही,
डोळ्यालाच रंग वेगळा दिसला, तर मॅक्यूल.
बोट मसुराएवढ्यावर अडखळलं, पॅप्यूल.
कातडीखाली सुपारी हाताला लागली, नोड्यूल.
पाणी धरलेलं व्हेसिकल, पू धरलेलं पश्च्यूल.
हे सगळं मी परीक्षेआधी
ओसरीत येरझारा घालत पाठ केलं होतं,
पाढ्यांसारखं, चाल लावून.

काबुलच्या या बाकावर दाटीने बसलेल्यांकडे
एकच शब्द आहे. सालदाणा.
एक साल राहतो तो दाणा.
माझ्या भाषेतही साल म्हणजे वर्ष,
आणि फळाची कातडीही,
असं मी दुभाष्या नसरतला सांगितलं.
तो म्हणाला, मग तुम्हाला लस टोचायला नको,
तुम्ही आमचेच.

नाझबू, वय एकोणीस, दश्त-ए-बारची.
गालिचे विणते.
ओढणी डाव्या गालावर दातांत धरलेली,
म्हणून बोलते ते अर्धंच ऐकू येतं.
भिंतीच्या भेगांतून संध्याकाळी निघते ती वाळूमाशी,
डासाहून लहान, आवाज न करणारी,
तिने केलेलं हे.
पण घरी वहिनीने नाझबूचा पेला
ताकाच्या भांड्यापासून दूर,
खिडकीत नेऊन ठेवलाय.

ओढणी सुटते.
मी प्लास्टिकची पट्टी धरतो.
व्रण, अठरा मिलिमीटर,
कडा उंचावलेली, तळ ओला.
शेजारी एक लहान गाठ.
नसरत सगळं तिच्या भाषेत उलथवतो.
गाठीपाशी ती त्याला थांबवते:
गाठी मी दिवसाला आठ हजार मारते,
एकही अशी दुखत नाही.
मग छोट्या आरशात बराच वेळ बघून,
कडा उंच, मध्ये खोल, चारी बाजूंनी सारखं,
याला आम्ही गुल म्हणतो.
सबंध गालिचाभर असतात.

सुई कडेतच द्यावी लागते,
वर, खाली, डावी, उजवी,
कातडी पांढरी पडेपर्यंत.
ती ओरडली नाही. ओठ हलत होते.
मला वाटलं, दुआ.
नसरत म्हणाला, नाही,
लाल, लाल, निळा, लाल, काळा.
ओळ मोजतेय.

आठ आठवडे. मधले दोन बुडाले,
एकदा रस्ता बंद, एकदा औषध संपलेलं.
खपली धरली, पडली, परत धरली.
बर्फ आला, छतांवरून खोऱ्यांनी ओढला गेला.
शेवटी आली तेव्हा ओढणी डोक्यावर होती,
दातांत नव्हती.

मी रकान्यात लिहिलं, वण.
आपल्याकडे व्रणातला र गळून पडला
की वण उरतो,
भाषेचं एवढ्यात भागतं.
नाझबूला सालातले अकरा महिने लागले,
आणि पेला अजून खिडकीतच आहे.

अकरा मिलिमीटर, मी म्हणालो.
खोलगट, फिका, कोरडा.
तिने माझ्या हातातून पट्टी घेतली,
टेबलावरून वाकून
डॉक्टर वझमांच्या हनुवटीवर धरली.
तिथला जुना खड्डा मी चार महिने
खळी समजत होतो.

नऊ, नाझबू म्हणाली.
लिहा.