लाखात दहा

ट्रोम्सोच्या रुग्णालयात, तळघरात,
तीन हिवाळे मी फायली चाळल्या.
नियम साधा:
रक्तात कॅल्शियम कमी, परावटु ग्रंथींचं संप्रेरक कमी,
आणि दुखणं सहा महिन्यांहून जुनं.
बसला तर घ्यायचा. नाहीतर पुढची फाईल.
उत्तर निघालं, लाखात दहाच्या आसपास.

राग्नफ्रिद माझ्या यादीत सत्तेचाळिसावी.
थायरॉइड काढताना तिच्या गळ्यातल्या
मसुरीएवढ्या चार ग्रंथीही गेल्या.
तेव्हापासून एप्रनच्या खिशात गोळ्या,
कॉड चिरायच्या सुरीशेजारी.
बोटांना मुंग्या आल्या तरी ती पट्टा थांबवत नाही,
गोळी दाढेखाली फोडते,
खडू खाणाऱ्या पोरीसारखी.

आकडा ऐकून तिने पावतीच्या पाठीवर भागाकार मांडला.
बेटावर माणसं तीन हजार.
"म्हणजे इथे मी
शून्य पूर्णांक तीन.
उरलेली मी कुठल्या बेटावर राहते?"

मी हसलो.
तिने कानापुढे गालावर बोटाने टिचकी मारली,
ओठाचा कोपरा आपोआप उडाला.
"हे हसू धरायचं तर धर," म्हणाली,
आणि कॉफी ओतली.

वारा सुटला, संध्याकाळची बोट रद्द झाली.
ती मला शेजारी घेऊन गेली,
इंग्वाल्दकडे. गाव त्याला फिटवाला म्हणतं.
चुलीजवळ बसूनही गळ्यात मफलर.
बटाटा सोलता सोलता त्याचा हात मिटला,
बोटं सरळ, अंगठा आत वळलेला,
सुईणीचा हात असतो तसा,
आणि उघडेना.
तो ओशाळून म्हणाला, थंडी.

मी पाहिलं आणि काही बोललो नाही.
तीन हिवाळे जे कागदावर वाचलं
ते समोर दिसल्यावर ओळखता आलं नाही,
हे इथे लिहून ठेवतो.

ओळखलं तिने.
"मफलर काढ, इंग्वाल्द."
आडवा, पांढरा, जुना व्रण.
बोडोला कापलं होतं, खलाशी असताना.
मग झटके. मग झटक्यांच्या गोळ्या,
चाळीस वर्षं.
कॅल्शियम? कुणी विचारलं नाही.
फाईल? होती,
दुसऱ्या कपाटात, दुसऱ्या नावाच्या आजाराखाली,
माझ्या खिजगणतीतही नाही.

राग्नफ्रिद त्याची बोटं एकेक करून
उलगडत बसली, जाळ्याच्या गाठी सोडवाव्यात तशी.
कुणी घाई केली नाही.
"मी कितवा मग?" त्याने विचारलं.
अहवाल छापून झाला होता.

सकाळी नर्सने त्याचं रक्त काढलं.
मासळीच्या बर्फाच्या डब्यात ती कुपी,
डबा माझ्या मांडीवर,
बोट हलली.
धक्क्यावर ते दोघं उभे,
तीन हजारांत दोन,
एकमेकांशी काही न बोलता.
तिने खिशात हात घातला,
त्यानेही घातला, सवयीने.
त्याच्यापाशी अजून गोळ्या नव्हत्या.