केसभर

मिरजेत माझ्या चेलोला चेलो कुणी म्हटलंच नाही.
मिशनच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई मायदेशी निघाली
तेव्हा तो तिच्या सामानात मावेना,
म्हणून ओटीतल्या नर्सच्या, म्हणजे आईच्या, गळ्यात पडला,
आणि आईच्या गळ्यातून माझ्या.
मी अकरा वर्षांची. तो चार बोटं उंच.
रिक्षावाल्यानं त्याचं वेगळं भाडं घेतलं.

घोडी तुटलेली.
सतारवाल्यांच्या गल्लीत बंदेनवाज शिकलगारांनी
त्याला मांडीवर आडवा घेतला,
भीमेकाठच्या भोपळ्यावर मारतात तशी पोटावर टिचकी मारली.
"पडदे कुठं गेले याचे?"
"नसतातच, चाचा."
"बरं झालं. म्हणजे खोटं बोलायला
अजून कुणी शिकवलं नाही."

तुणीच्या लाकडाची घोडी झाली, तारा चढल्या,
आणि त्यांनी मला चार तंबोऱ्यांच्या मधे बसवलं.
"सा धर. आता हात काढ, गप ऱ्हा."
गप्प राहिल्यावर
खर्जाच्या तारेतून, कुणीही न छेडलेला
एक गंधार वर आला,
आडातून बादली यावी तसा, हिंदकळत.
आमच्या चर्चमधल्या पेटीच्या गंधारापेक्षा
केसभर खाली.
त्या रविवारी उपासनेत मी कानावर हात ठेवले.
पाळकसाहेबांनी माझ्यासाठी वेगळी प्रार्थना केली.

पुढचं बायोडेटात आहे.
मुंबईत शिकवण्या, मग बर्फाच्या गावी शिष्यवृत्ती,
मग ऑर्केस्ट्रात शेवटून दुसरी खुर्ची, सहा वर्षं.
कंडक्टर छताकडे बोट दाखवायचे,
"रणभिसे, किंचित वर."
मी वर जायचे.
पगार पहिल्या तारखेला जमा व्हायचा.
रात्री खोलीत दार लावून
दोन स्वरांमधल्या बोळांतून फिरायचे,
जिथं पाट्या नाहीत, दिवे नाहीत,
पण माणसं राहतात हे
आतल्या भांड्यांच्या आवाजावरून कळतं.
शेजारीण भिंतीवर ठोकायची. बहुधा बरोबर तालात.

एक दिवस राजीनामा दिला.
माझ्या मधल्या स्वरांच्या पहिल्या मैफलीला सात माणसं आली,
त्यातला एक हॉलचा वॉचमन.
पोटासाठी मग पंचतारांकित लग्नांत वाजवलं,
वरमाला पडेपर्यंत थांबायचं, पडली की सुरू.
बिस्किटाच्या जाहिरातीत बारा सेकंद मिळाली.
त्या बारांत एक अतिकोमल ऋषभ मी लपवून ठेवला.
कुणाला कळला नाही. बिस्किटं खपली.

परवा घोडी घासून घ्यायला आले.
गल्लीत आता मोबाइलची तीन दुकानं आहेत.
चाचांच्या कानात यंत्र.
भोपळे आढ्याला तसेच,
जंक्शनवरून मालगाडी गेली की एकमेकांना लागतात.
मी सांगितलं: चाचा, आता हेच करते मी,
सुरांच्या मधलं. परदेशात लोक याला
मोठी नावं देतात, आकडे लावतात.
"वाजव," म्हणाले, आणि यंत्र काढून खिशात टाकलं.
"यात सगळंच वरचं ऐकू येतं."

तळवा चेलोच्या पोटावर ठेवला.
मी तो गंधार धरला,
ज्याच्यासाठी नोकरी सोडली, एक लग्न मोडलं,
आईच्या आजारपणात तीनदा तिकीट बदललं.
धरला, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.
डोळे मिटलेले. नखात राळेसारखी भुकटी.
"वर आहे," ते म्हणाले.

त्या सहा वर्षांतलं "किंचित वर"
अजून बोटात होतं. मला ठाऊकच नव्हतं.

चेलोचं एक वेडं असतं,
सूर खाली आणायला बोट वर सरकवावं लागतं.
सरकवलं.
किती, ते विचारू नका, मोजलं नाही.
तळवा हलला नाही.
फक्त आढ्यावरचा एक कोरा, अजून तार न पाहिलेला भोपळा
हलकेच घुमल्यासारखा वाटला,
गाडी तर कुठलीच जात नव्हती.

चाचांनी यंत्र परत कानात घातलं.
"घोडीला काही झालं नाही," म्हणाले,
"चहा सांग. दोन. एक बिनसाखरेचा."