भरड

गिरणीवाल्या इंगवल्यांना सांगितलं, पीठ नको, भरड.
दाणा फुटावा, टरफल शाबूत राहावं.
त्यांनी पाळी सैल केली, चिमूटभर तळहातावर घेऊन हुंगलं.
"सातू. मोड आणून भाजलेला. बाळाला सत्त्व का?"
मी हो म्हणालो.
दोन किलोचे पैसे दिले
आणि खोटं डब्यात भरून घरी आणलं.

आमचं स्वयंपाकघर सहा बाय सात.
एकाला वळायचं असेल तर दुसऱ्यानं बाहेर जायचं.
हेमांगी गेली. जाता जाता म्हणाली,
"रविवार तुझा. सोमवारी इथे मला पोळ्या लाटायच्यात."

पातेलं लग्नातलं, बारा लिटरचं,
काठावर तिच्या मामांचं नाव कोरलेलं, तारीख पुसट.
त्यात पाणी, पाण्यात जुन्या पडद्याची पिशवी,
पिशवीत सातू.
सदुसष्ट अंश.
दोन अंश वर गेले तर गोडी अडून बसते,
दोन खाली आले तर अंग धरत नाही.
थर्मामीटर आयटीआयच्या कपाटातला, उद्या परत करायचाय,
असं मी फेब्रुवारीपासून म्हणतोय.
गॅस बंद केला. पातेल्याला सोलापुरी चादर गुंडाळली,
वर उशी दाबली.
ओट्यावर तासभर कुणीतरी तापानं फणफणल्यासारखं.

मग पिशवी उचलून खिडकीच्या गजाला टांगली,
चक्का टांगतात तशी.
तांब्यानं वरून कढत पाणी, खाली थेंब,
खाली थेंब.
बोट बुडवून चाखलं.
उसाच्या रसाला भाकरीची आठवण यावी, तसं.

उकळीत हॉप्सच्या हिरव्या गोळ्या सोडल्या
तेव्हा वास जिना उतरून गेला.
डबीरकाका वर आले, दारातूनच,
"काढा करताय? कोणाला बरं नाही?"
"मलाच," म्हणालो.
त्यांनी आल्याचा तुकडा आणून दिला.

गार करायला वाहतं पाणी सोडा, असं पुस्तकात आहे.
पुस्तकवाल्याला वारज्यातली टाकी माहीत नाही.
अकराला नळ गेला.
कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फाची अर्धी लादी,
स्कूटरच्या पायाशी पोत्यात, घरापर्यंत निम्मी रस्त्यालाच पाजली.
न्हाणीघरातल्या टबात पातेलं बसवलं
आणि मी स्टुलावर, हातात घड्याळ.

पहिला घाणा मार्चमध्ये वाया गेला होता.
वर साय धरली, वास ओल्या पायपुसण्याचा.
आठ लिटर मोरीत ओतताना ऋता विचारत होती,
दही आंबतं ते चालतं ना, मग हे का नाही?
आंबलं आणि नासलं, या दोन शब्दांत
जागा किती असते?
न धुतलेल्या एका चमच्याएवढी.

या खेपेला सगळं उकळून घेतलं. चमचा, नळी, चाळण,
स्वतःचे हात तेवढे राहिले.
अकरा ग्रॅमचं विरजण इडलीच्या पिठामागून काढलं,
पाण्याच्या जारमध्ये शिंपडलं,
नळीचं टोक काचेच्या बाटलीत बुडवलं.
बाटल्यांसाठी रद्दीवाल्याकडे गेलो तर म्हणाला,
साहेब, लोक आणून देतात,
विकत मागणारे तुम्ही पहिलेच.

पिशवीतल्या चोथ्याची हेमांगीनं थालीपिठं लावली,
कांदा, तीळ, ठेचलेली मिरची.
डबीरकाकूंनी दोन खाल्ली, तिसरं बांधून नेलं.
भाजणी कुठली विचारत होत्या.
ही म्हणाली, यांची.

सोमवारी संध्याकाळी कपाटामागे पहिला आवाज झाला.
बुडुक.
ऋतानं झोपेपर्यंत एकशे चाळीस मोजले,
मग आकडा चुकला म्हणून रडली.

एप्रिल. भिंती रात्रीही तापलेल्या.
जार सव्वीसच्या वर जाऊ द्यायचा नाही,
म्हणून त्याला ओला पंचा, समोर टेबलफॅन,
आम्ही तिघं छतावरच्या पंख्याखाली, त्याच्या उरलेल्या वाऱ्यावर.
दोनचा गजर लावला होता.
उठलो, बादली घेतली, अंधारात चाचपडत गेलो
पंचा भिजवायला.

तो आधीच ओला होता.
नुकताच पिळून गुंडाळलेला, टोक नीट खोचलेलं.
खोलीत ती कुशीवर वळून झोपली होती,
किंवा तसा श्वास घेत होती.
बुडुक, म्हणाला जार.