नववं फळ

फळ्यावर मी रंगीत खडूनं नऊ फळं काढली होती.
प्रीतीला आंबा, आनंदाला डाळिंब,
सहनशीलतेला फणस. पिकायला वेळ लागतो म्हणून.
आठ नावं पोरांनी धडाधड म्हणून दाखवली.
नववं ओबेदच्या तोंडात मावेना.
"इंद्रिय... इंद्रियद...
बाई, हे कुठल्या झाडाला लागतं?"
मागचा बाक खिदळला.
मीही हसायला हवं होतं.

मी पट्टी आपटली.
"गप्प! जरा संयम शिका!"
माझाच आवाज चर्चच्या कौलांना लागून
माझ्या पुढ्यात येऊन पडला.
शेवटची प्रार्थना त्या दिवशी शलोमीनं केली.
मला जमली नसती.

नाताळाला बारा दिवस होते.
सोळा पोरं टेम्पोत घालून
मी प्रयाग चिखलीच्या अंगाला गेले,
आकाराम फराकट्यांच्या गुऱ्हाळावर.
पिशवीत वचनांची कार्डं होती,
धड्याची टाचणं होती, नेमकं कुठं काय बोलायचं तेसुद्धा.
पिशवी उघडलीच नाही.

काहिलीतला रस आधी नुसताच हिरवट, गढूळ.
मग मळी वर आली. आकाराम मामा ती काढत राहिले,
काढली की पुन्हा यायची,
पुन्हा काढायची, न चिडता,
जणू घरातल्या कुणाचं नाक पुसतायत.
"झाला का?" एलियानं विचारलं.
"न्हाई."
"आता?"
"न्हाई रं लेकरा."
चुलवाणात चिपाडं पडत होती, सोळा तोंडांना पाणी सुटलं होतं,
आणि मी घड्याळ बघत होते. सतरावी मीच.

मामांनी थेंबभर पाक पाण्यात सोडला,
बोटांनी चाचपला, मान हलवली.
"आत्ता उतरिवला तर काकवी.
ध्यान चुकलं तर करपतोय.
नुसतं थांबून भागत न्हाई बाई,
जागं राहून थांबाय लागतंय."
माझ्या टाचणात हे वाक्य नव्हतं.

शेवटी काहील उलटली. वाफ्यात सोनं पसरलं.
कागदाच्या तुकड्यावर एकेकाला ऊन ऊन गूळ.
एलियाची जीभ पोळली, शलोमीनं फ्रॉकला बोटं पुसली,
मी दोनदा घेतला.
ओबेदनं आपला रुमालात बांधला, वर गाठ मारली.
"खा की रे."
"आईसंगं. ती रात्रपाळीला हाय.
सकाळी येतीया."

तेव्हा आठवलं.
मिशन दवाखान्याच्या बाकड्यावर
मी त्याला किती वेळा बघितलंय:
शेजारी डबा, झाकण बंद,
पाय लोंबकळत, दाराकडं डोळे.
सुकृपा बाहेर येईपर्यंत
एक पोळीसुद्धा मोडायचा नाही.
आणि मी त्याला पट्टी आपटून शिकवत होते
ते फळ, ज्याचं नाव तेवढं त्याला येत नव्हतं.

परतताना, पंचगंगेच्या पुलावर,
अंधार पडायच्या बेतात होता.
कोपऱ्यात काहीतरी हललं.
गाठ सुटलेली, जीभ बाहेर.
मला बघून तो दगड झाला.
"एकच कोपरा, बाई. बाकीचा तसाच हाय."

ह्या वेळी मी हसले.
इतकी हसले की टेम्पोवाल्यानं आरशातून बघितलं.
मग त्याच्या शेजारी बसून हळूच म्हणाले,
"त्या दिवशी ओरडले ते चुकलं माझं."
प्रभूला आठवडाभर सांगत होते,
पण त्याला सांगणं जास्त अवघड गेलं.
तो थोडा वेळ गप्प बसला.
मग रुमाल माझ्यापुढं धरला:
"तुमी पण एक कोपरा घ्या.
आई कायबी म्हणत न्हाई."

मी घेतला नाही.
खरं सांगते, घ्यावासा वाटत होता.

रविवारी फळ्यावर पुन्हा नऊ फळं.
"इंद्रियद... द..." ओबेद अडला,
माझ्याकडं बघितलं.
पोरं हसायच्या तयारीत.
मी खडू खाली ठेवला
आणि थांबले.