खालचा दोरा

कनोराच्या पुढे सोळा मैलांवर, ऑक्टोबरअखेर,
पारास्का बोय्चुकच्या शेतावर लिलाव.
लिलाववाला इतका भरभर बोलतो
की तिथं नाक खाजवायचीही चोरी.

रेजायनाहून आलेल्या एका माणसाला लोखंडी पाय हवे होते,
वर काच टाकून तो त्यांचं टेबल करणार होता.
आणि डोकं? म्हणाला, टाकून देईन कुठंतरी.
माझ्याकडे टाक, म्हटलं.
बारा डॉलर. वर बरण्यांचं एक खोकं,
झाकणं नसलेल्या.

मेत्रो ट्रकमधून उतरलाच नाही.
"अठरावी," एवढंच बोलला,
आणि दोन मैलांनंतर,
"तुझ्या कोटाचं बटण मार्चपासून तुटलंय."

तळघरात, भट्टीच्या शेजारी, तीन दिवस तिला नुसतं ठेवलं.
बाहेर उणे वीस झालं होतं.
घट्ट झालेलं तेल घाईला भीक घालत नाही.
जोर लावला असता तर चाक फिरलंही असतं,
आणि आत काहीतरी कट्कन बोललं असतं,
एकदाच.

रॉकेल. जुना टूथब्रश. केसांची पिन.
दातांच्या खाली धूळ आणि धागे दाबून
फेल्टसारखी गादी झालेली असते. मी ती अख्खी काढते, फेकत नाही लगेच.
थर दिसतात: निळा, पिवळसर, परत निळा,
मग काळा, चांगला जाड.
पारास्काला मी ओळखत होते तशी.
चर्चच्या तळघरात वीस वर्षं एका टेबलाशी पिरोगी वळल्या,
बोलणं व्हायचं ते मिठाचं.

सोनेरी वेलबुट्टी सगळीकडे शाबूत आहे,
फक्त पुढच्या कडेला नाही, जिथं कापड घासायचं
आणि मनगट टेकायचं.
तिथं मी रंग लावत नाही.
लावणारे असतात. त्यांच्या मशिनी नव्या दिसतात,
कुणीच न वापरल्यासारख्या.

चौथ्या दिवशी चाक हललं, नखाएवढं.
मागे घेतलं, तेल सोडलं, पुन्हा नखाएवढं.
मेत्रो जेवायला हाका मारत होता.
मग एकदम पूर्ण फेरा, सुई खाली, सुई वर,
आणि मी तेलकट हातांनीच तोंड झाकलं.

धोट्याची झडप सरकवली.
आत बॉबिनवर लाल दोरा,
अर्ध्याहून कमी, नीट गुंडाळलेला.
तो काढायचा असतो. जुना दोरा कुजका, कधीही तुटतो.
ठेवला.

पाय गेले होते, म्हणून हातमूठ बसवली,
चौदाव्या मशीनची उसनी.
वर माझा पांढरा दोरा, नेढ्यात तिसऱ्या खेपेला गेला.
कोटाच्या खिशाचं अस्तर फाटलं होतं, तेच घेतलं.
पहिल्या टिपेत वरच्या बाजूला लाल ठिपके उमटले:
ताण माझाच जास्त होता.
स्क्रू पाव फेरा सैल केला.
ठिपके आत गेले. दोन्ही दोरे कापडाच्या पोटात
एकमेकांना धरून राहिले.

आवाज कसा सांगू?
लाकडी जिन्यावरून कुणी लहान मूल
न पडता उतरत जावं, तसा काहीसा.
मी हात फिरवत राहिले.

खालचा दोरा संपला तर मशीन सांगत नाही.
सुई तशीच जाते, चाक तसंच फिरतं,
तुम्हाला वाटतं मस्त चाललंय.
कापड उचललं तर शेवटची वीतभर नुसती भोकं,
रांगेत, सारख्या अंतरावर.
पांढरा दोरा अलगद हातात आला.

अस्तर दिव्यासमोर धरलं.
"काय शोधतेस?" मेत्रो जिन्यात उभा.
"कुठं संपलं ते."
तो आला, चष्मा कपाळावर सारला, बोट ठेवलं.
"इथं."
बरोबर होतं.

घरात लाल नव्हता. निळा भरला, वीतभर टीप पुरी केली.
तेवढ्यात तो वरून बटण घेऊन आला,
इतके महिने स्वतःच्या खिशात ठेवलेलं.
बटणाला मशीन कामाची नाही.
सुटून आलेला तो पांढरा दोरा, सुईच्या वळणांनी कुरळा झालेला,
तोच ओवला, दुहेरी,
आणि त्याच्यादेखत लावलं. शेवटी दातांनी तोडला.
"रॉकेलचा वास येतोय," म्हणाला,
आणि कोट मला घालून पाहायला लावला.