एकवीस पावलं

भुसावळच्या रेल्वे मैदानावर
डगआउट म्हणजे पत्र्याचं छप्पर, बाक, माठ.
तिथून पिचरच्या उंचवट्यापर्यंत एकवीस पावलं.
मॅनेजर झाल्यापासून सुपडू फालक ती मोजतो.

अकरा वर्षं मी त्याचा कॅचर.
माझ्या डाव्या तळव्याला त्याचा वेग अजून पाठ आहे,
थंडीत तर्जनी वाकत नाही.
मी दोन बोटं दाखवायचो.
तो मान हलवायचा: नाही.
बहुतेक वेळा त्याचंच बरोबर असायचं.
बहुतेक.

नागपूरला, सातव्या डावात,
त्याचा खांदा गेला हे आधी मला कळलं.
चेंडू येताना वाजेनासा झाला.
मॅनेजर चालत आले, हात पुढे केला,
आणि सुपडूनं चेंडू पाठीमागे धरला,
चोरलेला पेरू धरावा तसा.

मग लोको शेड. मग संध्याकाळची पोरं,
सावद्याची, वरणगावची,
केळीचे घड वाहून खांदे आयते घडलेली.

आज चोपड्याचा रायसिंग थकलाय.
सगळ्यांना दिसतंय, रायसिंग सोडून.
सुपडू उठतो.
हात पुढे करत नाही.
नुसता शेजारी उभा, यार्डाकडे बघत,
मालगाडी जाते, अठ्ठावन्न डबे,
पंच घड्याळ दाखवतो,
गार्डाचा डबाही जातो.
मग रायसिंगच म्हणतो, घ्या सर.

नवा पोरगा धावत येईतो
चेंडू सुपडूकडे.
बोटं आपसूक शिवणीवर बसतात.
मी बाकावरून, उगाच,
दोन बोटं दाखवतो.

तो मान हलवतो.
नाही.