नाव घेणं

दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा यांच्यापाशी
मोजून तीन गोष्टी उरल्या होत्या:
एक शिवी, एक ते दहा आकडे,
आणि स्वारगेट ते कात्रजचे थांबे, क्रमाने.
पाणी हवं असलं की म्हणायचे, पद्मावती.
उशी हवी असली तरी पद्मावती.
मी दोन्ही घेऊन उभी राहायचे.

शेजारच्या लोखंडेबाई म्हणाल्या, वेखंड उगाळून लावा जिभेला.
लावलं. शिवी जास्त स्पष्ट आली.
मग कुणीतरी टिळक रोडचा पत्ता दिला,
दोन जिने वर, काचेचं दार,
वाचा परत, चाळीस दिवसांत, खात्रीने.
साहेबांनी यांच्याकडे पाहिलंच नाही.
मला म्हणाले, पेशंटला तोंडात गोट्या धरायला लावा,
आणि वीस बैठकांचे आधी भरा, सूट बसेल.
अठ्ठावीस वर्षं ज्यांनी तिकिटं फाडली
त्यांना साधी पावती मिळाली नाही.
भिंतीवर प्रमाणपत्र होतं, पंधरा दिवसांच्या कोर्सचं.
ते मी नंतर वाचलं. चष्मा पर्समध्ये होता.

वरच्या मजल्यावरची वैशाखी नर्स आहे,
रात्रपाळीहून येताना जिन्यात भेटली:
मावशी, पाटी वाचू नका, नोंदणी क्रमांक विचारा.
जो चिडेल त्याच्याकडून उठा.
मला कसंतरीच वाटायचं.
इतकी वर्षं साड्यांना फॉल लावले,
कुणी विचारलं नाही मला, कुठं शिकलीस.
तरी फोनवर विचारत गेले.
एक चिडला. एकीने फोन ठेवला.
मोठ्या हॉस्पिटलात तीन महिन्यांनंतरची तारीख होती.
दत्तवाडीची तन्झीला अत्तार म्हणाली, थांबा, लिहून घ्या,
आणि एकेक आकडा दोनदा सांगितला.

लहानशी खोली, खाली पिठाची गिरणी,
जमीन सारखी थरथरत असते.
गोट्यांचं ऐकून तिने पेन खाली ठेवलं.
पाणी पिताना ठसका लागतो का, विचारलं.
मग खुर्ची यांच्यासमोर ओढली:
काका, कुठला रूट होता तुमचा?
स्वारगेट, लक्ष्मीनारायण, पंचमी...
ती कात्रजपर्यंत ऐकत बसली, मध्ये उतरली नाही.

म्हणाली, शब्द आहेत आत. पूल बंद झालाय.
वळसा घालून आणावे लागतील,
सगळे येतील अशी खात्री मी देत नाही.
तिचं ते न देणं मला पटलं.

मग माझ्याकडे बोट करून यांना विचारलं, या कोण? नाव काय यांचं?
हे बघत राहिले. ती शून्य लिहिणार तेवढ्यात मी बोलले,
अहो बाई, ते आधीसुद्धा येत नव्हतं.
म्हणजे येत होतं, घेत नव्हते.
एकदाच घेतलं, नणंदांनी दार अडवलं म्हणून.
त्यानंतर चव्वेचाळीस वर्षं, अगं.
आणि मी तरी कुठे.
तुमच्या फॉर्मवर दिगंबर लिहिताना
परक्या माणसाचं लिहितेय असं वाटलं.

तन्झीला हसली, मग हसायची थांबली.
उखाणा आठवतो?
न आठवायला काय झालं:
पर्वतीच्या पायऱ्या चढलो एकशे तीन,
अमकीला सांभाळीन, पण आधी जेवीन.

आता दर गुरुवारी ती पायऱ्यांपर्यंत म्हणते
आणि माझ्या नावाची जागा सोडते.
हे ओठ जुळवतात. खालची गिरणी चालू असते.
पद्मावती, म्हणतात, आणि स्वतःच मान हलवतात, नाही.
ती नाही तिने वहीत लाल शाईने लिहून ठेवली,
कसलं बक्षीस मिळाल्यासारखी.

परवा बैठक संपली, दळणाचा डबा घ्यायला
मी जिना उतरत होते, वरून आवाज आला,
अगं.
पाय तिथंच राहिला.
कठड्याला धरून हे उभे, तोंड वाकडं,
पुढचा शब्द शोधताहेत, कितीतरी वेळ,
गिरणीवाला खालून ओरडतोय, काकू, या ना.
उजवा हात कधी काळी जिथं चामड्याची पिशवी असायची
तिथं गेला, चाचपला,
आणि म्हणाले, सुट्टे.

मी पर्स उघडून पाहिली.
खरंच नव्हते.